घाम नाही, सावली नाही: मातीतला जिवाणू ऊन कसं सोसतो?

आजचा विषय अक्षरशः आपल्या पायाखालचा आहे.

मे महिन्यात विदर्भात पारा 45 च्या आसपास जातो. आपण कूलर लावतो, माठातलं पाणी पितो. गाय झाडाखाली जाते, गांडूळ खोल ओलाव्यात उतरतं. पण त्याच मातीतला जिवाणू काय करत असेल? त्याची लांबी मिलिमीटरच्या एक-दोन हजारांश भागाएवढी. त्याला घाम येत नाही आणि वितभर खाली जाणं त्याच्या हिशोबात परदेशप्रवास आहे. भोवतालची माती जेवढी तापेल तेवढाच तो आतून तापतो. तरी तो जगतो, निदान काही काळ तरी. कसा, ते आज बघू.

आधी उष्णतेने नेमकं काय बिघडतं ते समजून घेऊ. अंडं उकडलं की पातळ पांढरा बलक घट्ट होतो, बरोबर? तिथे प्रथिनांची घडी मोडते आणि ती एकमेकांना चिकटतात. पेशीतली जवळजवळ सगळी कामं प्रथिनं करतात, आणि प्रत्येकाचं काम त्याच्या घडीवर अवलंबून असतं. घडी उलगडली की काम बंद. शिवाय उलगडलेलं प्रथिन शेजारच्याला चिकटून गोळा होतो, तो त्रास वेगळाच.

यावर पेशीकडे एक आपत्कालीन पथक असतं: हीट शॉक प्रोटीन्स. त्यात काही जण उलगडलेल्या प्रथिनांना नुसतं धरून ठेवतात, म्हणजे ती एकमेकांना चिकटत नाहीत. काही जण त्यांची परत घडी घालतात. ग्रोईएल नावाचं एक तर चक्क पिंपासारखं आहे, बिघडलेलं प्रथिन पोटात घेऊन त्याला नीट घडी व्हायला जागा देतं. आणि काही जण दुरुस्त न होणाऱ्यांचे तुकडे करून कच्चा माल परत मिळवतात.

हे पथक पहिल्यांदा लक्षात आलं ते मातीत नाही, फळमाशीत. इटलीत फेरुच्चिओ रितोसा हे शास्त्रज्ञ फळमाशीच्या पेशींवर काम करत होते. कुणीतरी त्यांच्या उबवणी यंत्राचं तापमान वाढवून ठेवलं. बघतात तर गुणसूत्रांवर भलत्याच ठिकाणी फुगवटे, म्हणजे एरवी शांत असलेली जनुकं अचानक कामाला लागलेली. 1962 साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. नंतर कळलं की जिवाणूंपासून माणसापर्यंत जवळपास सगळ्या सजीवांत असं पथक आहे.

आता खरा प्रश्न. हे पथक कायम तयार का नाही ठेवायचं? कारण ते महाग आहे. प्रथिन बनवायला ऊर्जा लागते, त्यातल्या बऱ्याच जणांना चालवायलाही लागते, आणि मातीत खायला बेताचंच असतं. म्हणजे गरज असेल तेव्हाच, पण गरज पडल्यावर लगेच. मग तापमान वाढलंय हे जिवाणूला सांगतं कोण?

मातीतल्या दोन जिवाणूंची उत्तरं सांगतो. पहिला बॅसिलस सबटिलिस. त्याच्याकडे एचआरसीए नावाचं एक प्रथिन पहारेकरी म्हणून ग्रोईएलच्या जनुकावर बसलेलं असतं आणि ते बंद ठेवतं. गंमत अशी की या पहारेकऱ्याला स्वतःची घडी टिकवायला ग्रोईएलचीच मदत लागते. समजा, वॉचमनचा चहा कँटीनमधून येतो. एरवी कँटीन रिकामं, त्याला वेळेवर चहा मिळतो, तो गेटवर बसलेला. ऊन वाढलं की बिघडलेल्या प्रथिनांची कँटीनमध्ये झुंबड उडते. वॉचमनला चहा मिळत नाही, तो जागा सोडतो, गेट उघडं! नवं ग्रोईएल तयार व्हायला लागतं. गर्दी ओसरली की वॉचमनला पुन्हा चहा, गेट पुन्हा बंद. लक्षात घ्या, हा जिवाणू इथे तापमान मोजतच नाही. नुकसान किती झालंय ते मोजतोय.

दुसरा जिवाणू मला जास्त आवडतो: ब्रॅडीरायझोबियम जपोनिकम. नाव लांबलचक आहे, पण ओळख जवळची. सोयाबीनच्या मुळांवर गाठी असतात ना, त्यात हाच राहतो आणि हवेतला नत्र पिकाला देतो. त्याला 30 अंशांच्या आसपास बरं वाटतं, चाळिशी ओलांडली की त्रास सुरू.

जनुकापासून प्रथिन बनतं ते दोन टप्प्यांत. आधी जनुकाची नक्कल निघते, म्हणजे संदेश-आरएनए. मग रायबोसोम त्या नकलेवर एका ठरावीक जागी बसतो आणि वाचून प्रथिन बनवतो. या जिवाणूत काही हीट शॉक प्रोटीन्सच्या संदेशाची सुरुवात स्वतःवरच दुमडलेली असते. रायबोसोम जिथे बसणार, नेमकी तीच जागा घडीत दडलेली. मेणाने चिकटवलेलं पाकीट समजा. आत पत्र लिहून तयार आहे, पण वाचता येत नाही. ऊन वाढलं की घडी धरून ठेवणारे बंध सैल होतात, जागा मोकळी होते, रायबोसोम बसतो आणि मिनिटांत प्रथिन बनायला लागतं. गार झालं की घडी परत मिटते. मधे कुणी निरोप्या नाही. उष्णता हाच निरोप.

झुरिचच्या ईटीएच विद्यापीठात फ्रान्त्स नारबरहाउस आणि हाउके हेनेके यांच्या गटाने 1998 च्या सुमारास हा तुकडा शोधला. त्याच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळून 'रोझ' झालं, म्हणून तेच नाव पडलं. नंतरच्या प्रयोगात यातलं एकच अक्षर काढलं, तर घडी इतकी घट्ट झाली की उष्णता देऊनही उघडेना. म्हणजे हा थर्मामीटर एकेका अक्षरापर्यंत जुळवलेला आहे.

आता हे सगळं मी तुम्हाला का सांगतोय? ऐकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरी जूनमध्ये सोयाबीन पेरतात. बियाण्याला रायझोबियम लावतात, साधारण 10 किलोला 250 ग्रॅमचं पाकीट. त्या पाकिटात पावडर दिसते, पण तुम्ही विकत घेताय ते त्यातले जिवंत जिवाणू. आणि वरची सगळी यंत्रणा काही तासांच्या उन्हासाठी आहे. दुपारी माती तापली, संध्याकाळी निवली, तेवढ्यात सावरायचं. शिवाय दुरुस्तीला ऊर्जा लागते आणि तिचा साठा संपतो. दुकानाच्या पत्र्याखाली दिवसेंदिवस पडलेलं किंवा गाडीच्या डिकीत विसरलेलं पाकीट असेल तर हे पथक थकून हरतं. आतले जिवाणू मरतात आणि पाकीट बाहेरून तसंच दिसतं! पैसे गेले, मेहनत गेली, गाठी मात्र येत नाहीत.

म्हणून चार साध्या गोष्टी. पाकीट घेताना तारीख बघा आणि दुकानात ते कुठे ठेवलं होतं ते विचारा. घरी गार, सावलीच्या जागी ठेवा. बुरशीनाशक लावायचं असेल तर आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी. आणि लावलेलं बियाणं सावलीतच सुकवून लवकर पेरा, उन्हात पसरू नका.

काम झालं की नाही ते तपासताही येतं. पीक साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांचं झालं की एक रोप हळूच मातीसकट उपटा. मुळावरची गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लालसर असेल तर जिवाणू कामावर आहेत. पांढरी, हिरवट असेल तर ती गाठ नत्र देत नाहीये.

घरी शेती कुणी बघत असेल तर हा भाग पेरणीच्या आधी त्यांना पाठवा. गाठ फोडून बघितलीत तर आत कुठला रंग दिसला ते मला नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत पाणी प्या, सावलीत राहा!