पलटण मोडली तरी कागद राहावा



पिंपळगाव रेणुकाईच्या ग्रामस्थांच्या आणि स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचे मनापासून स्वागत करतो. हे गाव रेणुकामातेच्या नावाने ओळखले जाते आणि हिरव्या मिरचीच्या बाजारासाठीही. हंगामात इथे मिरचीचे ढीग लागतात, व्यापारी मुक्काम ठोकतात आणि ट्रक भरून माल परराज्यांत जातो. तेव्हा जेवणात ठेचा असणारच. ज्यांना सोसत नाही, त्यांच्यासाठी दह्याची सोय केली आहे.

या संमेलनासाठी आरमारी पायदळाच्या पलटणी आणि त्यांचे तळ, हा विषय ठरला तेव्हा गावात पारावर एकच प्रश्न निघाला. मुंबईचा समुद्र रस्त्याने चारशे किलोमीटरच्या पुढे. आरमाराचा आणि आपला संबंध काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्याच परिसरात दोन ठिकाणी सापडते.

पहिले ठिकाण भोकरदन. सांचीच्या शिलालेखांत ज्याचे नाव येते ते भोगवर्धन हेच. इथल्या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा अवशेष मिळाला. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती इटलीत, इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात सापडली आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही या मातीचे बंदरांशी नाते होते.

दुसरे ठिकाण असई. केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांची फौज आणि ईस्ट इंडिया कंपनीची, आर्थर वेलस्लीच्या हाताखालची फौज भिडली. कंपनीच्या बाजूने लढलेल्या पलटणींना 'असई' हा युद्धसन्मान मिळाला, निशाणावर हत्ती मिळाला. स्कॉटलंडची ७४ वी हायलँडर्स त्या दिवशी कापली गेली आणि पुढे 'असई रेजिमेंट' म्हणूनच ओळखली गेली. आपल्या मद्रास रेजिमेंटच्या चिन्हात आजही तो असईचा हत्ती आहे. दुसरीकडे शिंद्यांच्या कवायती पलटणी तितक्याच जिद्दीने लढल्या, पण पुस्तकांत त्या पोलमन, सालूर, द्युपाँ अशा गोऱ्या सरदारांच्या नावांनी उरल्या. तोफेशेजारी पडलेला गोलंदाज कोणत्या गावचा, हे कोणी लिहिले नाही. ज्या पलटणीने कागद ठेवला तिचा इतिहास झाला, आणि जिने ठेवला नाही तिची दंतकथा झाली. हा धडा ज्या परिसरात शिकायला मिळतो, त्याने हे संमेलन भरवावे यात नवल नाही.

आता समुद्राकडे वळू. पश्चिम रेल्वेने मुंबईत फिरलेल्या प्रत्येकाने मरीन लाइन्स स्टेशन पाहिलेले आहे. पण ते नाव जिच्या वस्तीवरून पडले, ती मरीन बटालियन किती जणांना ठाऊक आहे? १७७७ मध्ये ती मुंबईत उभी राहिली. कंपनीच्या लढाऊ जहाजांवर शिपायांच्या तुकड्या पुरवणे हे तिचे काम. पाल आणि सुकाणू खलाशांनी सांभाळायचे. बंदूक घेऊन डेकवर उभे राहणे, शत्रूच्या जहाजावर चढणे आणि किनाऱ्यावर उतरून लढणे या पलटणीने करायचे. १८१९ ची इराणच्या आखातातील मोहीम आणि १८२१ ची ओमानमधील बनी बू अलीची लढाई हे तिचे युद्धसन्मान. त्या काळच्या मुंबई लष्करात कोकणातले मराठे, महार, बेने इस्रायली असे सगळे भरती होत. आपलीच माणसे अरबस्तानच्या वाळूत उतरून लढत होती.

याच पलटणीचा ड्रिल हवालदार सय्यद हुसेन. १८५७ च्या उठावात मुंबईतही कट शिजत असल्याचा ठपका ठेवून १५ ऑक्टोबर १८५७ रोजी एस्प्लनेड मैदानावर त्याला आणि दहाव्या पलटणीच्या मंगल या शिपायाला तोफेच्या तोंडी दिले गेले. सत्तावन्नचे नाव निघाले की आपल्याला मीरत, झाशी, कानपूर आठवते. आरमारी पायदळाचा हा हवालदार फार थोड्यांना आठवतो.

पुढे १८६३ मध्ये कंपनीच्या काळापासूनचे आरमार मोडले, तरी पलटण राहिली. १९०३ मध्ये ती १२१ वी पायोनियर्स झाली, १९२२ मध्ये बॉम्बे पायोनियर्समध्ये मिसळली आणि १९३३ मध्ये पायोनियर दलच मोडीत निघाले. दीडशे वर्षांची पलटण, आणि मुंबईकरांच्या रोजच्या बोलण्यात तिची खूण म्हणून उरले ते एक रेल्वे स्टेशन.

याच्याही मागे गेलो तर आपले स्वतःचे आरमार आहे. पण आधी तुलनेसाठी इंग्लंडकडे पाहू. जहाजांवर चढवण्यासाठी बाराशे शिपाई उभे करा, असा हुकूम इंग्लंडच्या राजाने २८ ऑक्टोबर १६६४ रोजी काढला. तिथून ब्रिटनचे आरमारी पायदळ, रॉयल मरीन्स, आपला जन्म मोजतात. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला मालवणच्या कुरटे बेटावर शिवछत्रपतींनी सिंधुदुर्गाचे बांधकाम सुरू केले. १६७९ मध्ये खांदेरीवर मायनाक भंडारी पाय रोवून राहिला. एप्रिल १७८३ मध्ये विजयदुर्गाच्या आनंदराव धुळपांच्या आरमाराने रत्नागिरीजवळ कंपनीचे रेंजर जहाज पकडले. अशा लढाईत गुराबा-गलबतांवर तांडेल आणि खलाशांबरोबर शिपाई आणि गोलंदाजही असत. रॉयल मरीन्सचा जन्म आणि सिंधुदुर्गाची पायाभरणी एकाच वर्षातली. पण रॉयल मरीन्सचा इतिहास आज सलग वाचता येतो आणि आपला तुकड्या-तुकड्यांनी गोळा करावा लागतो. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले, याचा आनंद आहेच. तटबंदीचे दगड मोजून झाले; आता तटावरची माणसे मोजायला हवीत. दा. गो. ढबूंनी १९३९ मध्ये 'कुलाबकर आंग्रे सरखेल' लिहून वाट दाखवली. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी रुमाल वाचणारे हात मात्र कमी पडतात.

तळांचीही अशीच गोष्ट. मुंबईच्या फोर्टात इंग्रजांचा जो बॉम्बे कॅसल होता, तिथला नौदल तळ १९५१ पासून 'आंग्रे' या नावाने ओळखला जातो. ज्या कान्होजी आंग्र्यांनी इंग्रजांची झोप उडवली, त्यांचे नाव इंग्रजांच्याच किल्ल्याला लागले. २१ फेब्रुवारी १९४६ रोजी, नाविकांच्या उठावात, याच किल्ल्यातल्या कॅसल बॅरेक्समध्ये गोळीबार झाला. एकाच आवारात तीन काळ नांदतात, पण त्या आवाराचे सलग चरित्र मराठीत माझ्या वाचनात आलेले नाही.

स्वतंत्र भारताने आरमारी पायदळाचे वेगळे दल उभारले नाही. ते काम वाटून दिलेले आहे. पाण्यातून किनाऱ्यावर चढाई करण्याचे शिक्षण सैन्याच्या ठरावीक ब्रिगेडना. धाडसी कारवाया १९८७ मध्ये सुरू झालेल्या नौदलाच्या मार्कोसना. आणि सव्वीस अकराच्या हल्ल्यानंतर नौदल तळांची राखण सागर प्रहरी बलाला. काम तिघांत वाटले गेले, की इतिहासही तीन कपाटांत जातो. अमेरिकेच्या मरीन कोअरने यावर साधी शिस्त लावली आहे. प्रत्येक पलटण ठरावीक मुदतीने आपला वृत्तांत लिहून इतिहास विभागाकडे देते: अधिकारी कोण, माणसे किती, मुक्काम कुठे, काम काय. पलटण मोडून पुन्हा उभी केली, तरी वंशावळीत तिचा धागा तुटू देत नाहीत. आपल्याकडे व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटींच्या पुढाकाराने १९७८ मध्ये मुंबईत मेरीटाइम हिस्टरी सोसायटी सुरू झाली, ती याच जाणिवेतून. तिच्या कामाला गावांची जोड मिळाली पाहिजे.

म्हणून यजमान या नात्याने तीन विनंत्या करतो. एक, अभ्यासकांनी दोन दिवसांत केवळ निबंध वाचून जाऊ नये. मरीन बटालियनचा साल-दरसाल आराखडा मराठीत तयार करण्याची जबाबदारी इथेच वाटून घ्यावी. दोन, शिक्षकांनी मोडी शिकणारी मुले तयार करावीत. जागा आणि फळा आमची शाळा देईल. तीन, माजी सैनिकांनी आणि त्यांच्या घरच्यांनी पेटीतले कागद बाहेर काढावेत. डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, पलटणीचा फोटो, बंदरावरून आलेले पोस्टकार्ड, काहीही चालेल. जे गोपनीय आहे ते गोपनीयच राहू द्या आणि सध्या नोकरीत असलेल्या मुलांच्या कामाबद्दल कोणी विचारू नका. आम्हाला जुन्या काळचे नाव, गाव, पलटण किंवा जहाज, तळ आणि साल एवढे पुरे.

शाळेच्या व्हरांड्यात त्यासाठी टेबल आणि नोंदवही मांडली आहे. प्रत काढून मूळ कागद तुमच्यासमोर तुमच्याच हातात परत दिला जाईल. एक प्रत गावच्या वाचनालयात राहील, दुसरी अभ्यासकांना मिळेल.

  संमेलनाध्यक्षांना विनंती करतो, की त्यांनी संमेलनाचे उद्घाटन करावे आणि नोंदवहीतली पहिली नोंद आपल्या हाताने करावी.