कोळशावर कर, कापसावर मार



कापूस-ज्वारीच्या मुलखातून आपण इथे पेणला आलो. वडखळजवळ डोलवीचा पोलाद कारखाना पाहिला. रोहा तालुक्यात नागोठण्याला प्लॅस्टिकचा कच्चा माल होतो. आपला नांगराचा फाळ आणि पाइप अशाच मालातून येतात.

२०१० साली सरकारने कोळशावर टनाला ५० रुपये उपकर बसवला. २०१६ ला तो ४०० झाला. नाव स्वच्छ ऊर्जेचे. २०१७ पासून पैसा मात्र जीएसटीच्या भरपाईला! सप्टेंबर २०२५ मध्ये उपकर गेला, पण कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. शिवाय २०२३ साली कार्बन-पत व्यापार योजना निघाली. पोलाद आणि पेट्रोरसायने दोन्ही तिच्या यादीत आहेत.

कारखानदार हा खर्च बिलात धरील. युरियाचा भाव सरकार बांधून देते, म्हणून तिथे तो दिसत नाही, एवढेच. आपण कापसाच्या पट्टीत काय धरणार? ऑगस्ट २०२५ मध्ये तर कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत माफ केले. म्हणजे फाळ महाग, कापूस स्वस्त.

धुराची किंमत मोजायला आमची ना नाही. कृषी मूल्य आयोगाने ती उत्पादनखर्चात धरावी, आणि आयातशुल्काला ऐन हंगामात हात लावू नये.