परसदारचे हरितगृह आणि बांधकामाची मंजुरी

परसदारी पाया खणून, लोखंडी खांब रोवून व वर काचेचे छप्पर चढवून जे हरितगृह उभे राहते, ते त्यात केवळ फुलझाडेच वाढवावयाची असली तरी, कायद्याच्या दृष्टीने बहुधा बांधकामच ठरते. कारण महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये जमिनीत, जमिनीखाली वा जमिनीवर केलेले बांधकाम ‘विकास’ या संज्ञेत अंतर्भूत होते आणि त्यास लेखी परवानगी लागते. सबब, मिळकत पत्रिका वा सातबाऱ्याचा उतारा, जागेचा नकाशा आणि हद्दीपासून मोकळे सोडावयाचे सामासिक अंतर दाखविणारा आराखडा यांसह नगरपालिकेकडे रीतसर अर्ज गुदरावा. ६० दिवसांत निर्णय न कळविला गेल्यास परवानगी मिळाली असे मानण्याची तरतूद कलम ४५ मध्ये असली, तरी नियमबाह्य काम रेटणाऱ्यास तिचे संरक्षण लाभत नाही. मंजुरीची मुदत प्रथमतः एक वर्षाची असते; अर्ज नामंजूर झाल्यास राज्य शासनाकडे अपील करता येते. तेव्हा रोपे आणण्यापूर्वी नगररचना खात्याचा उंबरठा ओलांडावा आणि अर्जाची पोच जपून ठेवावी, हेच उत्तम.