धुराचा हिशोब
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला माझ्या कामाबद्दल बोलायला सांगितलं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कंपनीने किती वीज, डिझेल, कोळसा वापरला आणि त्यातून किती टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, याचा हिशोब ठेवणारी प्रणाली मी बनवते. विषय दूरचा वाटेल, पण तो आता जुन्नर-आंबेगावच्या वेशीपर्यंत आलाय.

केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना आणली. ऑक्टोबर २०२५ मध्ये सिमेंट, ॲल्युमिनियम, कागद अशा उद्योगांना एक टन मालामागे किती कार्बन सोडायचा, याची मर्यादा ठरवून दिली. त्याहून कमी सोडला तर प्रमाणपत्रं मिळतात, ती विकता येतात. जास्त सोडला तर विकत घ्यावी लागतात. बंधन टनामागे आहे, त्यामुळे उत्पादन वाढलं की एकूण धूर वाढूही शकतो.

कंपन्यांचे मार्गही वेगवेगळे. महिंद्रा अँड महिंद्राने २०१६ मध्येच स्वतःच्या हिशोबात टनामागे १० डॉलर किंमत धरायचं जाहीर केलं, म्हणजे नवी यंत्रं घेताना धुराचाही खर्च मोजला जातो. काही कंपन्या नियमापुरतं करतात. काही मुळात बदल न करता क्रेडिट विकत घेऊन मोकळ्या होतात.

आता आपल्याकडे येऊ. आपली कितीतरी मुलं चाकणला कामाला आहेत, काहींची स्वतःची वर्कशॉप आहेत. युरोपात जाणाऱ्या लोखंडी मालावर, अगदी नट-बोल्टवरही, १ जानेवारी २०२६ पासून कार्बनचा आकार लागू झालाय. बनवणाऱ्याने मोजलेला आकडा दिला नाही, तर तिकडचा ठरावीक आकडा धरतात आणि तो सहसा चढाच असतो. गणितात रीत दाखवली नाही तर गुण कापत, तसंच हे. मोठी कंपनी हा आकडा शेवटी छोट्या वर्कशॉपकडेच मागणार. तेव्हा वीजबिलं आणि डिझेलच्या पावत्या आजपासून जपून ठेवा.

दुसरी बाजू विकणाऱ्यांची. निवृत्तीनगरचा विघ्नहर आणि पारगावचा भीमाशंकर, हे आपले दोन्ही साखर कारखाने उसाच्या भुशापासून वीज करतात. क्योटो करारानंतर देशातल्या अशा अनेक प्रकल्पांनी कार्बन क्रेडिट विकली. पण २०१२ च्या अखेरीस त्या क्रेडिटचा भाव एका युरोच्याही खाली गेला. या बाजारातही कांद्यासारखे भाव पडतात, हे आपल्याला वेगळं समजावायला नको.

आता बांधावरच्या आंब्याचे, डोंगरातल्या हिरड्याचे क्रेडिट विकून देतो म्हणणारे करार शेतकऱ्यांपुढे येऊ लागलेत. सगळेच खोटे नसतात. पण चार गोष्टी विचारा: करार किती वर्षांचा? झाडं कोण मोजणार? विक्रीतला माझा वाटा किती, आणि तो कागदावर आहे का? वादळात झाड पडलं तर भरपाई कोणी द्यायची?

कंपनीकडे हिशोबाला माझ्यासारखे पगारी लोक असतात. आपल्या शेतकऱ्याकडे कोण आहे? निदान या वर्गातला एक माणूस तरी असावा. कुणाच्या घरी असा कागद आला असेल तर मला दाखवा, आपण बसून वाचू. फक्त सही करण्याआधी.