लेक लाडकी, कागद दोडके

खारेपाटण म्हणजे सिंधुदुर्गाची वेस. पलीकडे राजापूर, जिल्हा रत्नागिरी. सासर इथलं, बाळंतपण माहेरी पलीकडे, म्हणून जन्माची नोंदही तिकडचीच. सुनेचं नाव अजून माहेरच्या रेशनकार्डावर! 'लेक लाडकी' योजनेचा अर्ज अडतो तो अशा ठिकाणी.

१ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या, पिवळ्या-केशरी कार्डाच्या घरातल्या मुलीला जन्मानंतर ५,००० आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५,००० धरून टप्प्याटप्प्याने १,०१,००० रुपये मिळतात. उत्पन्न लाखाच्या आत हवं, तेही तहसीलदारांच्या दाखल्यानिशी. कागदासाठी तालुक्याला, कणकवलीला एक खेप म्हणजे एक रोजंदारी बुडाली. ज्याला गरज जास्त, त्यालाच ही खेप महाग पडते.

जन्मनोंद २१ दिवसांत विनाशुल्क होते. अर्ज अंगणवाडीसेविकेकडे द्यायचा. सुनेचं नाव मात्र त्याआधीच सासरच्या कार्डावर चढवून घ्या.