बोर्डीहून निघालेला शब्द

व्याख्यानमालेचं निमंत्रण घेऊन कार्यवाह दवाखान्यात आले तेव्हा मी त्यांना म्हटलं, "अहो, मी साबुदाण्याच्या गोळ्या देणारा माणूस. साहित्याच्या व्यासपीठावर मी काय बोलू?" ते म्हणाले, "जे रोज पाहता ते बोला." म्हणून एका शब्दाबद्दल बोलतो. साहित्य संस्थेत एवढं चालावं.

इंदूरहून देपालपूरच्या वाटेला लागलात की गावोगावी एक पाटी दिसते, 'आंगनवाड़ी केंद्र'. हिंदीत आंगन आहे, माळवीतही आहे. त्यामुळे हा शब्द इथल्याच मातीतला आहे, असं सगळे धरून चालतात. मीही बरीच वर्षं तसंच समजत होतो. इंदुरातली आपण मराठी माणसं होळकरांचा वाडा दाखवतो, नाटकांच्या आठवणी काढतो. पण देशभरातल्या गावांत रोज सकाळी उच्चारला जाणारा हा शब्द तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी नावाच्या समुद्रकाठच्या गावातून आला, हे आपल्याला फारसं आठवत नाही.

ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला गेल्या तेव्हा त्यांचं वय त्रेपन्न होतं. आपल्याकडे त्या वयाला माणूस निवृत्तीचा हिशेब मांडायला बसतो. भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करून झालं होतं, दादरचं शिशुविहार उभं राहिलं होतं. पण शहरातल्या सुस्थित घरांतली मुलं आणि त्यांच्यासाठी केलेली महागडी माँटेसरी साधनं, एवढ्यावर त्यांचं समाधान होईना. बोर्डीला त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. पुण्यातली शिक्षिकेची नोकरी सोडून अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा, तेव्हा पस्तिशीच्या. त्या पुढं जन्मभर त्याच कामात राहिल्या.

बालवाडी तर उघडली, पण गरीब वस्तीतली मुलं येईनात. का येईनात? घरी धाकटं भावंड सांभाळायचं असे, अंगावर धड कपडा नसे, आणि दुसऱ्याच्या अंगणात पाय ठेवायची पिढ्यान्‌पिढ्यांची धास्ती असे. मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच मुलांकडे नेऊ, असं या दोघींनी ठरवलं. वस्तीतल्याच एखाद्या अंगणात जाऊन बसायचं, मुलांना गोळा करायचं, गाणी, गोष्टी, खेळ घ्यायचे. हीच अंगणवाडी. साधनं म्हणाल तर समुद्रावरचे शिंपले, बिया, खडे, पानं, काड्या. मोजायला शिंपला आणि मणी यांत फरक तो काय?

दहा-बारा वर्षांनी हे काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेलं. तिथं थोडी मोठी मुलं गुरांमागं जात. मग बाईच कुरणात जाऊ लागल्या. गुरं चरताहेत आणि झाडाखाली अक्षरं चालली आहेत. तिला नाव पडलं कुरणशाळा. तान्ह्यांसाठी पाळणाघर, मधल्यांसाठी बालवाडी, मोठ्यांसाठी प्राथमिक शाळा अशी सलग रचनाही त्यांनी केली, तिला विकासवाडी म्हणत. कारण पाळणाघर असल्याशिवाय थोरली बहीण शाळेत येऊच शकत नव्हती. कडेवरचं मूल उतरवायची सोय आधी, मग पाटी.

डॉक्टर म्हणून मला यातलं एक फार भावतं. या बायकांचा धडा आंघोळीपासून सुरू होई. नखं काढायची, केस विंचरायचे, खरजेला औषध लावायचं. खुद्द मारिया माँटेसरीही डॉक्टरच. १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत तिनं पहिलं बालगृह उघडलं. आजारी मूल शिकत नाही आणि उपाशी मूल ऐकत नाही, हे तपासणीच्या टेबलाशी उभं राहिलेल्या माणसाला लवकर कळतं. निदान कळायला हवं.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बाल विकास सेवा योजना देशातल्या ३३ गटांत सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळालं. ताराबाई त्याआधी दोन वर्षं गेल्या होत्या. इतिहास एवढा पुरे. अनुताईंचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' मिळवून वाचा, माझ्या सांगण्यापेक्षा ते बरं.

आता माझ्या गावाकडे येतो. नाव सांगत नाही, तिथल्या बाईंना आवडणार नाही. गेली पंचवीसेक वर्षं महिन्यातल्या एका मंगळवारी मी तिथं जातो. मंगळवार अशासाठी की त्या दिवशी बायका जमतात. कुणाच्या गर्भारपणाची गोदभराई, कुणाच्या बाळाचं अन्नप्राशन. नारळ, ओटी, कुंकू सगळं रीतसर होतं आणि त्यातच लोहाच्या गोळ्यांची आठवण करून दिली जाते. सासवा दाराशी बसून सगळं ऐकतात, आणि खरं औषध तेच आहे, कारण सुनेनं गोळी घ्यायची की नाही हे घरी त्याच ठरवतात.

सुरुवातीला मला वाटे, इथं शिकवतात काय? मुलं गाणी म्हणतात, खिचडी खातात, घरी जातात. एक मुलगा होता, साडेचार वर्षांचा. घरचे म्हणत, मंद आहे. मी दोनदा तपासला, सर्दीचं औषध दिलं. एक दिवस अंगणवाडीची दीदी मला म्हणाली, "डॉक्टरसाहेब, तो मंद नाही. टाळीच्या गाण्यात तो आधी शेजारच्याकडे बघतो, मग टाळी वाजवतो. आणि मी डाव्या बाजूनं हाक मारली की वळत नाही." कान वाहून वाहून त्याला त्या बाजूनं ऐकू येईनासं झालं होतं. इंदूरला कानाच्या डॉक्टरांकडे पाठवला. माझ्या गोळ्यांनी बरा झाला असं मी सांगणार नाही. पदवी माझ्याकडे होती आणि रोग तिनं ओळखला, टाळ्यांच्या गाण्यावरून. त्यानंतर 'इथं शिकवतात काय' हा प्रश्न मी सोडून दिला.

आता जे सांगायचं ते जरा अवघड आहे. मी जैन. अंडं माझ्या घरात येत नाही, येणारही नाही. २०१५ साली मध्य प्रदेशात आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत अंडी द्यावीत असा प्रस्ताव निघाला आणि तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी तो नाकारला. त्या दिवसांत एका विरोधाच्या निवेदनावर मीही सही केली होती. अहिंसा म्हणून केली, मनापासून केली.

पुढच्या मंगळवारी गेलो तेव्हा दीदी दंडाच्या घेराची पट्टी लावत होती. तुम्ही पाहिली नसेल तर सांगतो, कागदी फितीसारखी असते. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, साडेबारापर्यंत पिवळी, वर हिरवी. एका मुलीचा दंड लाल पट्ट्यात आला. कापणीला आलेल्या कुटुंबातली मुलगी. सोयाबीनच्या हंगामात झाबुआ, अलिराजपूरकडून माणसं माळव्यात येतात, शेताच्या कडेला पालं ठोकतात. तिची आजी शेजारी उकिडवी बसली होती. सहीची गोष्ट तिथं कुणाला ठाऊक नव्हती. मीच आपणहून विषय काढला, कदाचित शाबासकी हवी असेल. आजीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अंडं आम्ही घरी खातोच, मिळालं तर. तुम्ही ते देऊ नका म्हणालात, ठीक. मग काय द्या म्हणालात?"

निवेदनात त्याचा काही उल्लेख नव्हता. मी पाहिलं होतं, दोन पानं होती.

तिकडे महाराष्ट्राच्या आदिवासी भागात अमृत आहार योजनेत मुलांना अंडं किंवा केळी मिळतात; जो खात नाही त्याला केळी. इतकी सोपी तोड आम्हा शिकलेल्यांना सुचली नाही. आमच्या समाजात हे बोललो तेव्हा काहींनी माझ्याशी बोलणं कमी केलं. त्यांची श्रद्धा खोटी नाही. पण व्रत माझं आहे, आणि त्या मुलीनं ते घेतलेलं नाही. आज तो कागद पुढं आला तर मी सही करणार नाही. मी दर महिन्याला शेंगदाणे, गूळ आणि भाजलेले चणे नेतो. त्यानं अंड्याचा प्रश्न सुटतो असं मला वाटत नाही.

ती मुलगी रजिस्टरात नव्हती, कारण ती गावची नव्हती. दीदीनं तरी तिला पंगतीत बसवलं आणि तिचं खाणं आपल्या मुलांच्या वाट्यातून काढलं. तिला हिंदी येत नव्हती, माळवीही नाही, भिली बोलायची. दीदीनं तिच्या आजीकडून पाणी, भाकरी, ये, बस असे दहा-बारा शब्द विचारून घेतले आणि मागच्या पानावर लिहून ठेवले. बोर्डीचं नाव या बाईनं कधी ऐकलेलं नाही. मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अच्छा," आणि वरण ढवळायला उठली.

यंदाही अश्विनात पालं पडली. शेत केंद्रापासून दीड किलोमीटरवर आहे, एवढी लहान मुलं चालत येत नाहीत. मागच्या मंगळवारी केंद्रात दीदी सापडली नाही. सहायिका म्हणाली, "साहेब, त्या शेतावर गेल्यात, वजनकाटा आणि डबा घेऊन." मी गाडी तिकडे वळवली. बांधावरच्या बाभळीखाली नऊ मुलं बसली होती, मधे सोयाबीनच्या शेंगांचे ढीग, एक, दोन, तीन. मला पाहून तिनं हात केला आणि म्हणाली, "बरं झालं आलात. काटा धरायला माणूस हवाच होता."