कातडी, कापड आणि मधली हवा



सप्टेंबर २०२२. पॅरिसमध्ये कोपर्नी या कंपनीचा फॅशन शो चालू होता. बेला हदीद ही मॉडेल जवळजवळ उघड्या अंगाने मंचावर येऊन उभी राहिली आणि मानेल तोरेस हे स्पॅनिश संशोधक तिच्या अंगावर चक्क फवारा मारू लागले. फवाऱ्यात बारीक तंतू, पॉलिमर आणि चटकन उडून जाणारा द्रव. अंगाला लागताच द्रव उडतो, तंतू एकमेकांना धरतात, झालं कापड! दहाएक मिनिटांत पांढरा झगा तयार. मग एक डिझायनर पुढे आली, खांद्यावरचं कापड खाली ओढलं, कात्रीने खालची कड कापली आणि मांडीपर्यंत चीर दिली.

मीही तो व्हिडिओ डोळे विस्फारून पाहिला, खोटं कशाला बोलू! पण कातडी आणि कापड यांच्यात तिळभरही जागा नाही. मे महिन्यात दादर स्टेशनवर उभं राहायचं म्हटलं, तर घाम जाणार कुठे?

जपानचे डिझायनर इस्से मियाके यांनी आयुष्यभर या मधल्या जागेचाच विचार केला. गंमत म्हणजे, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनीही अंगाला घट्ट बसणारा, गोंदणाच्या नक्षीचा पोशाख केला होता. जणू दुसरी कातडीच. पुढे मात्र ते चुण्यांकडे वळले. १९९३ मध्ये त्यांचे ‘प्लीट्स प्लीज’ कपडे आले. रीत उलटी: आधी मापापेक्षा दोन-तीन पट मोठा कपडा शिवायचा, मग कागदाच्या थरांत घालून उष्णतेने दाबायचा. चुण्या कायमच्या बसतात, धुतल्या तरी मोडत नाहीत.

कापड मात्र पॉलिस्टर. सुती कापड हवेतला ओलावा वजनाच्या आठेक टक्के धरतं, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणूनच साधा पॉलिस्टरचा सदरा पाठीला चिकटतो. चुणीदार कपड्याच्या फक्त कडा अंगाला टेकतात, मधून हवा खेळते. फ्रँकफर्ट बॅलेच्या नर्तकांनी हे कपडे घालून उड्या मारल्या, ते उगाच नाही.

फवाऱ्याचा झगा हा तमाशा. मियाकेंचं काम ही खरी शिवणविद्या, असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्ही पुढच्या वेळी कपडे घ्याल, तेव्हा आरशात बघून थांबू नका. हात वर करा, खाली बसा, पाठीला वारा लागतो का बघा, मगच पैसे द्या.